मधले पाच दिवस

मी भौतिकशास्त्र शिकवत असे. निवृत्त झालो तेव्हा घरी बसून वाचायचं ठरवलं होतं आणि काही वर्षं तसा बसलोही. मग मोहित पांडेचा फोन आला. मोहित एकेकाळी माझा विद्यार्थी होता, आता आमच्या नागपूरच्या कॉलेजात विभागप्रमुख आहे. एम.एस्सी.च्या मुलांना प्रोग्रामिंग शिकवायला कुणी मिळत नाही, असं तो म्हणाला. "सर, आठवड्यातून दोनच दिवस. तुम्ही तर पुस्तक वाचून काहीही शिकवू शकता." नाही म्हणायचं तर थोडं बोलावं लागतं. मी हो म्हणालो.

पायथन ही भाषा मी साठीनंतर पुस्तकातून शिकलो. अजूनही दोन बोटांनीच टाइप करतो, आणि वर्गात कुणी अडचण विचारली की आधी माझंच काहीतरी चुकलं असेल असं वाटतं.

पहिलं काम मी सोपं दिलं. चेंडू सरळ वर फेकला तर दर क्षणाला तो किती उंचीवर असेल, याचा प्रोग्राम लिहून आणा. पुढच्या तासाला सगळे लिहून आले. एक सोडून सगळ्यांचे चालत होते. ओळीओळीवर स्वच्छ इंग्रजीत टीप, शेवटी रंगीत आलेख, आणि सगळे प्रोग्राम सख्ख्या भावंडांसारखे दिसणारे. मी गोलू नावाच्या एका मुलाला उभं केलं आणि विचारलं, "ही ओळ काय करते?"

तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. "सर, ती राहू द्या. ती काढली तर चालत नाही."

वर्ग हसला. मलाही हसू आलं.

"पण ती करते काय?"

"सर, काहून एवढा त्रास घेता?" मागून कुणीतरी म्हणालं. "त्याले विचारलं की तो सगळं करून देते."

'तो' म्हणजे चॅटबॉट. मुलं त्याच्याबद्दल घरातल्या माणसासारखं बोलत.

त्या संध्याकाळी मी घरी तोच प्रश्न चॅटबॉटला विचारून पाहिला. त्याचा प्रोग्राम माझ्यापेक्षा लहान होता, आणि माझ्या प्रोग्राममधली एक चूक, जी मला कधी दिसली नव्हती, ती त्यात नव्हती. त्यानंतर मी वर्गात कुणाला रागावलो नाही. मी या मुलांना नेमकं काय शिकवतो आहे, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. सुदैवानं कुणी विचारलं नाही.

त्या वर्गात एकाच मुलीचा चेंडू चुकला होता. पायल गजभिये, भिवापूरची. ती माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "सर, माहा चेंडू वरच जाऊन राहिला. खाली येतच नाही." तिनं सगळं स्वतः लिहिलं होतं आणि एका ठिकाणी वजाचं चिन्ह राहिलं होतं. मी ते दाखवलं नाही, "शोध" म्हणालो. मलाही ते सापडायला वेळ लागला होता, हे सांगितलं नाही. दोन दिवसांनी मी जिना चढत असताना ती वरून ओरडली, "सर, पडला!"

माझ्यामागून मोहित येत होता. तो दचकला. "कोण पडलं?"

"चेंडू, सर!" म्हणत तोंडाला ओढणी लावून ती पळाली.

तू त्याला का विचारलं नाहीस, असं मी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, "तो सांगते तवा सगळं समजल्यासारखं वाटते सर. मंग बसमधे बसलं की काहीच नसते." ती भिवापूरहून उमरेडमार्गे रोज एसटीनं येत असे. बसमध्ये तिला विचार करायला पुष्कळ वेळ मिळत असावा.

शेवटच्या सत्रात प्रत्येकाला एक प्रोजेक्ट करायचा असतो. मुलं विषय शोधण्याच्या फंदात पडत नाहीत, तेही चॅटबॉटच सांगतो. पायल विषय घरूनच घेऊन आली. तिची आई प्रेमिला भिवापूरला सातऱ्यावर कामाला होती. मिरची वाळवायचं आणि बायकांनी रांगेनं बसून तिचे देठ खुडायचं जे मोठं आवार असतं, त्याला तिकडे सातरा म्हणतात. "मिरची वाळते तसं तिचं वजन कसं कमी होते, त्याचं गणित करू का सर?" तिनं विचारलं. "आई रोज वजन करून देईल. मी तिले विचारलं. ती म्हणे, मले भी शाळेत घालून राहिली का?"

मला फार आनंद झाला. मी फक्त "करून बघ" म्हणालो.

काम असं होतं. ओल्या मिरचीची एक टोपली बाजूला ठेवायची. रोज संध्याकाळी सातऱ्यावरच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तिचं वजन करायचं. प्रेमिलाबाईंनी ते फोनवर बोलून पाठवायचं, पायलनं तक्त्यात भरायचं, आणि पुरेसे आकडे जमले की प्रोग्राम लिहून त्यातून सुकण्याचा नियम काढायचा. ओली मिरची किती दिवसांत किती उरेल, हे मग आधीच सांगता आलं असतं.

एकदा पायलनं आईचा निरोप मला प्रयोगशाळेत ऐकवला. मागे बायकांचा गलका चालू होता आणि त्यातून प्रेमिलाबाईंचा खणखणीत आवाज येत होता. "पायल, आज सातशे चाळीस भरली वं. आन तुया सरायले सांग, टोपलीवर माशी बसून होती. तिचं वजन तुम्ही काढून घ्या मंग."

"काय सांगू सर आईले?"

मला काहीतरी तितकंच चांगलं उत्तर द्यायचं होतं. सुचलं ते असं, "माशीचं वजन नगण्य असतं म्हणावं."

दुसऱ्या दिवशी वजनासोबत निरोप आला. "सरायले म्हणा, माशीले ते आवडलं नाही."

मी त्यांना कधी पाहिलं नाही. पण त्या दिवसांत संध्याकाळ झाली की आज किती भरली असेल, असं माझ्या मनात यायचं.

जानेवारीच्या शेवटी पायलची पुण्याच्या एका संशोधन संस्थेत निवड झाली. मुलाखतीत तिनं मिरचीचंच सांगितलं होतं. जुलैपर्यंत एम.एस्सी.चा पूर्ण निकाल हातात हवा आणि प्रोजेक्टमध्ये पास असायला हवं, एवढीच अट होती. न गेली तर भिवापूरला तिच्यासाठी काय होतं, हे तिनं मला कधी सांगितलं नाही. तिच्या आईनं मात्र निरोपात सांगितलं, "एक पोट्टी तरी मिरचीतून सुटली म्हणा सरायले. नाई तर आमचे हात पाहा." निरोपात हात दिसत नाहीत. पण पायलनं मोबाइल खाली ठेवून स्वतःच्या बोटांकडे पाहिलं, तेव्हा मिरची हातांचं काय करते ते मला कळलं.

फेब्रुवारीत प्रेमिलाबाई सातऱ्यावरच कोसळल्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्यांना नागपूरला आणलं. मोहितनं मला सांगितलं तेव्हा मी एक शहाळं घेऊन दवाखान्यात गेलो. वॉर्डाबाहेर पायल भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. शेजारी एक बाई तिचं डोकं धरून होती. जवळ गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, ते मला ठरवता येईना. मी जिन्याशी थोडा वेळ उभा राहिलो आणि शहाळं घेऊन परत आलो.

तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. बातमी मला वर्गात कळली. मी फळ्यावरचं गणित पुरं केलं.

आईचा जलदान विधी आटोपून पायल कॉलेजात आली तेव्हा तिच्याजवळ तक्ता होता. सगळी वजनं त्यात होती, मधले पाच दिवस सोडून. आईला नागपूरला आणलं त्या दिवसापासून पाच चौकटी रिकाम्या होत्या, आणि सहाव्या दिवसापासून पुन्हा आकडे होते. सातऱ्यावरच्या जिजाबाईंनी, म्हणजे दवाखान्यात तिचं डोकं धरून बसलेल्या त्या बाईंनी, कुणी न सांगता वजन करायला घेतलं होतं. त्यांचे निरोप छोटे असत. "चारशे वीस." बस एवढंच.

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकात निरीक्षणांचा तक्ता असतो आणि त्यात रिकामी चौकट ठेवायची नसते. बाहेरच्या परीक्षकांना ती दिसली की ते लाल पेनानं गोल करतात आणि मग त्या गोलावरच सगळे प्रश्न विचारतात. म्हणून मुलं राहिलेला आकडा वरचा आणि खालचा बघून मधला भरून टाकतात. मी विद्यार्थी होतो तेव्हाही भरत होते. याला कुणी खोटं म्हणत नाही, 'तक्ता पूर्ण करणं' म्हणतात. त्या वर्षीही मोहितनं प्रोजेक्टवाल्या सगळ्या मुलांना बोलावून सांगितलं, "फाइल बाइंडिंगला देण्याआधी बघा, एकही चौकट रिकामी नको." त्यात त्याचा वाईट हेतू नव्हता. मुलांचे मार्क जाऊ नयेत एवढंच.

आई गेल्यावर घरचा स्वयंपाक पायलवर आला. वडील, धाकटा भाऊ, सकाळचे डबे. कॉलेजात ती उशिरा यायची आणि लवकर जायची. एक दिवस माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "सर, आता मी त्यालेच विचारून राहिली. बसमधे बसल्या बसल्या होते. तुम्ही रागावू नका."

"नाही, नाही," मी म्हणालो.

रविवारी आमच्या घरी ये, आपण दोघं मिळून लिहू, असं मला म्हणायचं होतं. वाक्य तयार होतं. पण तिला रविवारी घरी काम असेल, आपण उगाच भार घालू, आणि मी लिहून देणार तरी काय, माझ्यापेक्षा तो बरा, असं सगळं एकदम मनात आलं. तोवर ती गेली होती.

एप्रिलच्या शेवटी ती बांधलेला प्रोजेक्ट सहीसाठी घेऊन आली. मी प्रोग्रामची पानं वाचली. फार नीटस होता. एका ओळीवर मी थांबलो. तक्ता छापण्याआधी त्यातल्या रिकाम्या जागा आपोआप भरून टाकणारी ती ओळ होती, मधेच, इतर ओळींसारखी शांत. हिला हे माहीत आहे का, असं वाटलं. वर पाहिलं तर ती घड्याळाकडे बघत होती.

"काही चुकलं का सर?"

"नाही. छान आहे."

"मंग सही करून देता का? उमरेडची बस निघून जाईल."

उद्या विचारू, असं ठरवून मी सही केली. तक्त्याचं पान उघडलं नाही. उद्या ती आली नाही, आणि परवा मी विचारलं नाही.

तोंडी परीक्षा मे महिन्यात झाली. बाहेरून परीक्षक म्हणून डॉ. शामला खानझोडे आल्या होत्या, अमरावतीच्या. पन्नाशीच्या, शांत बोलणाऱ्या. मुलांना आधी पाणी प्या म्हणत आणि मग विचारत. सकाळपासून त्यांनी पाहिलेले सगळे प्रोजेक्ट सारखेच होते, आणि त्या कंटाळल्या होत्या, हे दिसत होतं. पायलचा उघडल्यावर त्या सरळ बसल्या.

"मिरची! हे कुणी सुचवलं?"

"मीच, मॅडम."

"वजन रोज कोण करत होतं?"

"आई," पायल म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "आणि जिजाबाई. आईची मैत्रीण."

"छान. खरंच छान." मॅडमनी तक्त्यावरून पेन खाली खाली नेलं. एका जागी ते थांबलं. "काटा कोणता होता?"

"सातऱ्यावरचा. पाच-पाच ग्रॅमनं दाखवते."

"तेच. सगळे आकडे शून्य नाहीतर पाचवर संपतात. मग हे चारशे त्रेसष्ट कुठून आलं?"

पायलनं मान वाकवून पाहिलं. शेजारी तारीख होती. तिनं ती तारीख वाचली, मग वरची, मग खालची. मला वाटतं, बांधून घेतल्यापासून ते पान तिनं पहिल्यांदाच नीट पाहिलं. तक्त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की वजन रोज संध्याकाळी श्रीमती प्रेमिला गजभिये यांनी सातऱ्यावर केलं.

मी मार्गदर्शक म्हणून मॅडमच्या बाजूलाच बसलो होतो. मी म्हणालो, "मॅडम, त्या दिवसांत हिची..."

"सर, नको," पायल म्हणाली.

मी थांबलो. मला कुणी थांब म्हटलं की मी थांबतो.

मॅडमनी आमच्या दोघांकडे पाहिलं. "काय झालं?"

"मॅडम, ते पाच आकडे आमचे नाहीत," पायल म्हणाली. "त्या दिवशी वजन झालंच नव्हतं. ते कुठून आले, मले माहीत नाही."

"तू भरले नाहीस?"

"नाही."

"मग प्रोग्रामनं भरले असतील." मॅडमचा आवाज चढला नव्हता. "एक काम कर. संगणकावर बस, ती ओळ काढ आणि पुन्हा चालव. रिकाम्या जागा रिकाम्या राहू देत. उत्तर फारसं बदलणार नाही. दहा मिनिटं देते तुला."

याहून न्यायाचं काय असतं, मला माहीत नाही. पायल संगणकाशी बसली. प्रोग्राम उघडला. वरून खाली आली, पुन्हा वर गेली. ती ओळ माझ्या चष्म्यासमोरून दोनदा गेली. पायल ओठ हलवून वाचत होती, शाळेतली मुलं वाचतात तशी. एका ओळीवर बोट ठेवलं, मग उचललं. दुसरीच एक ओळ काढून पाहिली तर सगळा पडदा लाल अक्षरांनी भरला. तिनं ती घाईनं परत टाकली.

कूलरचा आवाज येत होता. दाराबाहेर पुढची मुलं उभी होती.

तिनं एकदा माझ्याकडे वळून पाहिलं. मी नुसत्या डोळ्यांनी दाखवलं असतं तरी चाललं असतं. पण परीक्षेत सांगणं बरोबर नाही, असं माझं आयुष्यभराचं मत आहे, आणि ते मत त्या वेळी नेमकं माझ्या मदतीला आलं. मी टेबलाकडे बघू लागलो.

"सापडली?" मॅडमनी विचारलं.

"नाही, मॅडम."

"तू लिहिला आहेस ना हा?"

पायल उठून उभी राहिली. "नाही. त्यानं लिहिला. मी बसमधे विचारत गेली, तो देत गेला."

"सगळेच तसं करतात बेटा, मला दिसतं ते. पण बाकीच्यांचे आकडे पुस्तकातले आहेत. तू मोजून आणलेत असं लिहिलंस. न मोजलेलं वजन मोजलं म्हणून लिहिणं, याला मी कशी पास करू?"

"नका करू," पायल म्हणाली. उद्धटपणे नाही. जणू मॅडमची अडचण तिला समजली होती. मग तिनं दोघांना नमस्कार केला आणि ती गेली.

आणखी मुलं झाली. संध्याकाळी मॅडमनी मोहितच्या खोलीत बसून गुण विद्यापीठाच्या संकेतस्थळावर भरले. एकदा भरून पक्के केले की ते बदलत नाहीत. पक्के झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि मला विचारलं, "सर, तुम्ही मधे काय सांगत होता?"

तेव्हा मी सांगितलं. सगळं सांगितलं, दवाखाना, तिसरा दिवस, जिजाबाई.

मॅडमनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "तुम्ही तेव्हा का नाही बोललात?"

"ती नको म्हणाली."

"ती लेकरू आहे हो. तुम्ही तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मोहितला म्हणाल्या, "बदलता येईल का काही?"

"लॉक झालं मॅडम." मोहितही पडेल आवाजात बोलत होता. "आता अर्जच. आईच्या मृत्यूचा दाखला जोडून, सहानुभूतीनं विचार व्हावा म्हणून. तुमचं पत्र लागेल."

"देते. आत्ता लिहून देते."

ते पत्र घेऊन मी रिक्षानं गणेशपेठेत एसटी स्टँडवर गेलो. उशीर झाला होता, पण पायल तिथंच होती. भिवापूरची गाडी आली नव्हती. ती बाकावर प्रोजेक्ट मांडीवर ठेवून बसली होती. मी शेजारी बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. अर्ज करायचा, दाखला जोडायचा, मॅडमचं पत्र आहे, जुलैच्या आत होईल, पुण्याची जागा वाचेल.

तिनं पत्र वाचलं आणि घडी करून मला परत दिलं.

"आईच्या दाखल्यावर पास होऊ का सर?"

"तसं नाही. तुझी परिस्थिती..."

"आई असती तरी मले ती ओळ सापडली नसती." ती रडत नव्हती. "त्या पोट्ट्याईले भी सापडली नसती. पण मी तर तुमच्याजवळ शिकली होती ना."

मला पुष्कळ बोलायचं होतं. दोष तुझा नाही, मी ती ओळ सही करताना पाहिली होती, मी विचारायला हवं होतं. त्यातलं शेवटचं मी बोललो. "मी पाहिली होती ती ओळ."

"मले वाटलंच," ती म्हणाली. स्टँडवर कंडक्टर गावांची नावं ओरडत होते. मग तिनं तक्त्याचं पान उघडलं. "त्यानं हे आकडे काढले कसे सर?"

मी शिक्षक आहे. प्रश्न विचारला की उत्तर देता येतं. "आईंनी केलेलं शेवटचं वजन घेतलं त्यानं. आणि जिजाबाईंचं पहिलं. दोघांमधे सरळ रेघ ओढली आणि तिचे सारखे भाग केले."

"म्हणजे मधे काही झालंच नाही, असं धरलं."

"हो."

"मिरची आपली रोज थोडी थोडी वाळत गेली."

"हो."

तिनं त्या पाच ओळींवरून हात फिरवला, कागदावरची धूळ झटकावी तसा. मला वाटलं, ती पान फाडेल. तिनं फाडलं नाही.

"तू लिहिलं असतंस तर काय सांगितलं असतंस त्याला?" मी विचारलं. काहीतरी शिकवत राहावं, म्हणजे ती बोलत राहील, असं मला वाटलं.

"जिथं वजन नाही तिथं थांब, असं."

"आणि पुढं?"

"पुढं काय सर? थांब."

असा प्रोग्राम उत्तर देत नाही. रिकामी चौकट ओलांडून पुढच्या आकड्याकडे जा, असं त्याला सांगावं लागतं. वर्गात मी ते शिकवलं होतं, आणि तिनं तेव्हा ते सगळ्यांच्या आधी लिहून दाखवलं होतं. मी तिची चूक दाखवली नाही.

गाडी लागली. ती उठली. "येते सर. तुम्ही जेवून घ्या, तुमचं तोंड सुकलं आहे," म्हणाली आणि गर्दीतून आत शिरली. मी दिलेलं पत्र माझ्याच हातात होतं.

अर्ज झाला नाही. जुलैत पुण्याची जागा दुसऱ्या कुणाला गेली असणार, त्यांनी कळवलं नाही. हिवाळी परीक्षेला प्रोजेक्ट पुन्हा देता येतो. तसं सांगायला मी ऑगस्टमध्ये तिला फोन केला. करायच्या आधी काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. मी येतो भिवापूरला, आपण पहिल्या ओळीपासून लिहू, असं त्यात होतं.

फोन तिच्या वडिलांनी उचलला. बळीराम गजभिये. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"पायल नाही जी. कामावर गेली."

"कुठं?"

"सातऱ्यावर. नवीन माल नाही अजून, पण जुन्याची साफसफाई चालू आहे. आईच्या जागी घेतलं त्याईनं तिले." ते थोडं थांबले. "तुम्ही सरच ना? प्रेमिला तुमच्या गोष्टी सांगे. हसत राहे."

"हो," मी म्हणालो.

"संध्याकाळी करा मंग. नाई तर निरोप सांगा, मी देतो."

कागद माझ्यासमोर होता. वाचून दाखवायचं होतं फक्त.

"निरोप असा काही नाही," मी म्हणालो. "सहज केला होता."